शाळेच्या ॲपला मुलीचा आधार क्रमांक आणि लोकेशन द्यावं का?

मुलगी सहावीत आहे, शाळेने ॲप सक्तीचं केलंय आणि त्यात आधार, फोटो, घरचं उत्पन्न, फोनचं लोकेशन असं सगळं मागितलंय. यातून पोरीचा काही फायदा आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला पंचवटीत गणित शिकवतो आणि शाळेचं युडायसचं, म्हणजे शाळेची आणि मुलांची माहिती सरकारी पोर्टलवर भरायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो.

फायदा आहे, खोटं कशाला बोलू. गेल्या वर्षी घटक चाचणीत ३८ पैकी २१ मुलांनी २/५ + १/३ चं उत्तर ३/८ लिहिलं. कागद तपासताना मी एकेक फुली मारून पुढे गेलो असतो. ॲपने चुकीची उत्तरं एकाखाली एक दाखवली तेव्हा लक्षात आलं, पोरं वरचे अंक वर मिळवतायत, खालचे खाली. म्हणजे छेद समान का करायचे, हे मीच नीट पोचवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्या कापून तोच तास पुन्हा घेतला. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या हंगामात आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडला उतरणाऱ्या मुलांचंही तसंच. ऑनलाइन नोंद असली की ते पोर मधल्या मध्ये हरवत नाही.

पण या चाचणीच्या कामाला मला लागलं काय? हजेरी क्रमांक आणि उत्तरं, बस. ती उत्तरंही महिन्याभरात शिळी होतात. आधार, जन्मतारीख आणि चेहरा मात्र पोरगी चाळिशीची झाली तरी तेच राहणार. जी माहिती शिकवायला उपयोगी पडते ती लवकर नासते, आणि जी कधीच नासत नाही तिचा शिकवण्याशी फारसा संबंध नसतो.

ही माहिती फुटायला दरवेळी हॅकर लागतो असंही नाही. अख्ख्या वर्गाची आधार क्रमांकांसकट एक्सेल शीट शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेली मी स्वतः पाहिलीय. टाकणाऱ्याला फक्त वेळेत काम संपवायचं होतं. दहावीच्या निकालानंतर क्लासवाल्यांचे फोन येतात, त्यांना मुलाचं नाव आणि टक्के आधीच ठाऊक असतात, याचं नवल आता कोणाला वाटतही नाही. 'दीक्षा' या सरकारी शिक्षण ॲपचंही तेच झालं: सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असलेला सर्व्हर उघडा राहिल्याचं २०२३ च्या जानेवारीत बाहेर आलं.

दुसरा धोका मला जास्त छळतो. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनामुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा शाळेचे जुने निकाल धरून संगणकी सूत्राने ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या श्रेणी ठरवल्या. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के खाली आल्या. पोरं रस्त्यावर उतरली आणि चार-पाच दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. आश्रमशाळेतल्या हुशार मुलीला शाळेच्या आजवरच्या निकालावरून कोणी तोललं तर तिचं काय होईल?

कायदा आपल्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर नेम धरून जाहिराती करायला बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. शाळांना शिकवण्यापुरती आणि सुरक्षेपुरती लक्ष ठेवायची सूटही आहे. 'अपार' आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा देशभरासाठीचा ओळख क्रमांक, त्यालाही पालकांची संमती लागते. नाही म्हणता येतं.

तुम्ही भांडायला जाऊ नका. लोकेशनची परवानगी फोनमधूनच बंद करा, आधार आणि उत्पन्नाचे रकाने रिकामे सोडा. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: हा रकाना कशासाठी, माहिती कोणाकडे जाते, दाखला काढल्यावर पुसता का? पोच घ्यायला विसरू नका.

आमच्याकडे एका आईने असंच पत्र दिलं. मुख्याध्यापकांनी कंपनीला फोन लावून विचारलं, उत्पन्न कशाला हवंय? पलीकडचा मुलगा जरा थांबून म्हणाला, "सर, तो रकाना फॉर्ममध्ये आधीपासूनच होता." दुसऱ्या दिवशी तो काढून टाकला.