वाचकांचे प्रश्न : हॉस्टेलमधली झोपडी आणि रात्रीची झोप

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. मुलीने आमच्यासाठी दक्षिण गोव्यात, काणकोण तालुक्यातील पाळोळे येथे, एका स्वस्त हॉस्टेलच्या आवारातील लहानशी झोपडी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी आरक्षित केली आहे. सामायिक खोलीतील बंक खाटेपेक्षा स्वतंत्र झोपडीत शांतता मिळेल, असा तिचा हिशेब आहे. परंतु तेथे राहून आलेल्या काहींनी रात्री झोप लागत नसल्याचा अभिप्राय दिला आहे. आरक्षण रद्द करावे का? गोंगाट झाल्यास तक्रार कोणाकडे करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीचा हिशेब एकांतापुरता बरोबर आहे, शांततेपुरता मात्र चुकतो. पाळोळ्याच्या किनाऱ्यालगतच्या या झोपड्या पक्क्या बांधता येत नाहीत. पावसाळा सरला की त्या उभ्या राहतात आणि पुढच्या पावसाआधी उतरवल्या जातात, त्यामुळे त्यांत जड असे काहीच नसते. लाकडी वासे, त्यांवर फळ्यांची जमीन, बांबूच्या तट्ट्यांच्या किंवा पातळ प्लायवूडच्या भिंती आणि वर माडाच्या झावळ्यांची झापे, एवढाच तो संसार. वारा खेळावा म्हणून भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर फट सोडलेली असते, आणि जिथून वारा येतो तिथून आवाजही येतोच. आवाज अडवण्यासाठी भिंतीला वजन लागते. तट्ट्याला ते नसते. दोन झोपड्या एकाच माच्यावर असतील, तर शेजारचा माणूस पहाटे उठून चालू लागला की आपली खाटही हलते.

म्हणून झोपडी कशी आहे यापेक्षा ती आवारात कुठे आहे, हे आधी विचारावे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे गप्पांच्या अड्ड्यापासून ५ मीटरवरची झोपडी सोडून ४० मीटरवरची घेतली, तर सुमारे १८ डेसिबलचा फरक पडतो, आणि तो कोणत्याही तट्ट्यापेक्षा भरवशाचा असतो. हॉस्टेलला दूरध्वनी करून स्वयंपाकघर, सामायिक बैठकीची जागा, जनरेटर आणि स्नानगृहे आपल्या झोपडीपासून किती पावलांवर आहेत, हे स्पष्ट विचारा. स्नानगृहांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, पण मध्यरात्रीनंतर सर्वांत अधिक वर्दळ तिथेच असते. समुद्राकडची पहिली रांग मिळाली तर लाटांच्या अखंड आवाजात माणसांची बोलणी बरीचशी बुडून जातात. ढोलकाचा किंवा ध्वनिवर्धकाचा खर्ज मात्र बुडत नाही.

तक्रारीविषयी. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्री १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते, परंतु अशा दिवसांची एकूण संख्या वर्षभरात १५ हून अधिक असू शकत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पाळोळ्यात हेडफोन लावून नाचण्याच्या पार्ट्या रूढ झाल्या त्या या दहाच्या बंधनामुळेच. त्यात संगीत प्रत्येकाच्या कानात असते, पण गाणे सर्वांच्या तोंडी येते, आणि पार्टी संपल्यावर परतणारी मंडळी आपल्या झोपडीवरूनच जातात, ही त्यातली गंमत! ध्वनिवर्धक दहानंतर सुरू राहिला तर प्रथम हॉस्टेलच्या व्यवस्थापकाला सांगावे आणि त्याने दाद दिली नाही तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे. रात्री साडेअकराला चाललेल्या हास्यविनोदाबद्दल मात्र पोलिसांना बोलावणे मला तरी पटत नाही. अनोळखी लोकांनी एकत्र बसून गप्पा माराव्यात याचसाठी हॉस्टेल असते, आणि भाडे कमी असण्यामागे ते एक कारण आहे. तिथे व्यवस्थापकाकरवी केलेली नम्र विनंती अधिक उपयोगी पडते.

सोबत फोमचे कानबोळे अवश्य न्यावेत, परंतु ते नीट घालायला शिकून घ्यावे. बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवून तो फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला बोळा जवळजवळ निरुपयोगी असतो. खर्जाचा आवाज त्यानेही पुरता थांबत नाही. झोपडीत पंखा असल्यास तो चालू ठेवावा. त्याच्या घरघरीत दूरची बोलणी हरवतात.

आता आपल्या आरक्षणाविषयी. नाताळपासून नववर्षापर्यंतचा आठवडा हा पाळोळ्याच्या हंगामातील सर्वांत गजबजलेला असतो, आणि त्या दिवसांत कोणतीही झोपडी शांत मिळेल असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. तारखा बदलता येत असतील तर जानेवारीच्या मध्यात, रविवार ते गुरुवार असे जावे. तीच झोपडी आपल्याला निश्चित आवडेल. तारखा बदलणे शक्य नसेल तर हे आरक्षण रद्द करून उत्तरेला आठ-दहा किलोमीटरांवरील आगोंदला झोपडी पाहावी. तेथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, म्हणून हंगामात किनाऱ्यावर प्रखर दिवे आणि मोठ्या आवाजातील संगीत यांवर निर्बंध असतात. भिंती तिथेही तट्ट्याच्याच असतील, तेव्हा शेजारी कोण येतो ते मात्र नशिबावर सोडावे लागेल.