काळीज नेमकं कुठे असतं?

प्रश्न : माझी मुलगी इथे बडोद्यातच एम.एस्सी. करते. कारखान्यांतल्या विषारी रसायनांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या लिव्हरच्या पेशींचं काय होतं, हा तिचा विषय. आमच्या मंडळाच्या अंकासाठी तिने त्यावर मराठीत लेख लिहिला आणि मथळा दिला 'उंदराचं काळीज'. तिचे आजोबा म्हणतात, काळीज म्हणजे हृदय, मथळा चुकला. खरं काय?

उत्तर : मुलगी बरोबर आहे. आजोबांना माझा नमस्कार सांगा, पण 'काळीज म्हणजे हृदय' हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मध्यंतरी दांडिया बाजारात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्त्यांनी छातीवर डावीकडे हात ठेवून 'हे आपलं काळीज' असं म्हटलं आणि वर 'जे काळजी करतं ते काळीज' अशी व्युत्पत्तीही ठोकून दिली. टाळ्या पडल्या. ज्या शहरात १९३१ साली आठ भाषांचा शासनशब्दकल्पतरू हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, त्या शहरात ही दशा!

'काळजाचा ठोका चुकला' वगैरे सोडा. ते रूढ आहे, मीही म्हणतो. मूळ बघा. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृत, तुमचं लिव्हर. त्यावरून प्राकृतातून आपलं काळीज, शेजारी गुजरातीत काळजुं, हिंदीत कलेजा. काळपट दिसणारा अवयव म्हणून काळीज, इतकं सरळ आहे. मटणवाल्याला हा प्रश्न कधी पडत नाही. त्याच्याकडे कलेजी मागा, तो बिनचूक तीच तोडून देतो. काळजीचं म्हणाल, तर माझ्या मते काळीज आधी आणि काळजी मागाहून. वक्त्यांनी आईला लेकीच्या पोटी जन्माला घातलं.

अमरकोशात यकृताला आणखी एक नाव दिलं आहे : कालखण्ड. काळा तुकडा! त्यामुळे कुणी 'पेशव्यांचा कालखंड' म्हणालं की मला भलतंच काही डोळ्यांसमोर येतं. आणि मला असंही वाटतं (वाद घालायला खुशाल या) की आपण पोराला 'काळजाचा तुकडा' म्हणतो, आपले गुजराती शेजारी 'काळजानो कटको' म्हणतात, त्यात हा जुना 'खण्ड' कुठेतरी घुटमळतो आहे.

आता भाषाशुद्धिवाल्यांकडे वळतो. ते 'जिगर' फारसी म्हणून हाकलतात आणि 'यकृत' पाटावर बसवतात. अहो, ती एकाच घरची भावंडं! संस्कृत यकृत्, फारसी जिगर, ग्रीक हेपार, लॅटिन येकुर, सगळी एका मुळाची. डॉक्टर 'हिपॅटायटिस' म्हणतो तोही याच घरातला. आणि जिगरबाज माणसाचं धाडस राहतं कुठे, तर लिव्हरमध्येच. लिव्हरला इतका मान का, याचा एक धागा मला आयुर्वेदात दिसतो. चरकाने रक्तवह स्रोतसांचं, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गांचं, मूळ यकृत आणि प्लीहा (पाणथरी) असं सांगितलं आहे. रक्त जिथलं, जीव तिथला.

मुलीच्या विषयात तर काळजाचे वाक्प्रचार अक्षरशः खरे होतात, आणि हे मला कुणी आधी का सांगितलं नाही याचा राग येतो. कार्बन टेट्राक्लोराइड घ्या. एके काळी ड्रायक्लीनिंगला आणि आग विझवायच्या नळकांड्यांत वापरायचे ते. उंदराला दिलं की त्याच्या यकृतातलं एक एन्झाइम ते निस्तरायला जातं आणि त्यातूनच जास्त जहाल असा मुक्त कण (फ्री रॅडिकल) तयार होतो. तो पेशीच्या आवरणातल्या मेदावर तुटून पडतो. यकृताच्या प्रत्येक छोट्या खंडिकेच्या मधोमध एक नीला (रक्ताची शीर) असते. हे एन्झाइम तिच्याभोवतीच्या पेशींत सर्वांत जास्त, म्हणून आधी मरतात त्याच पेशी. कडेच्या बऱ्याचशा वाचतात.

शिवाय पेशीला चरबी बाहेर धाडायला जी प्रथिनं लागतात, ती बनणं मंदावतं. चरबी आतच साचते आणि काळपट अवयव फिकट, पिवळसर दिसू लागतो. ज्या रंगावरून नाव मिळालं तो रंगच जातो! मुलीला स्लाइड दाखवायला सांगा. स्लाइड करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी धुऊन जाते आणि पेशीपेशीत गोल, पांढरी, रिकामी भोकं उरतात. आपण म्हणतो ना, टोचून बोललं की काळजाला घरं पडतात? ती हीच. शब्द ज्याने घडवला त्याच्याकडे मायक्रोस्कोप नव्हता, पण घरं पडली आहेत खरी.

हेच विष महिनोन्‌महिने थोडं थोडं देत राहिलं तर यकृतात तंतू माजतात, गाठी येतात, ते टणक होतं. काळजाचा दगड! त्याला सिऱ्होसिस म्हणतात. हा शब्द लाएनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१९ साली दिला, पिंगट-पिवळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे तिथेही रंगच! आणि हा लाएनेक कोण? स्टेथोस्कोप शोधून काढणारा. छातीला नळी लावून हृदय ऐकणाऱ्या माणसाने रोगाला नाव दिलं ते काळजाच्या. दांडिया बाजारच्या वक्त्यांना हे कुणीतरी कळवा.

हां, मथळ्याचं राहिलंच. 'उंदराचं काळीज' ठेवा, झकास आहे. मात्र भित्र्या माणसाला 'उंदराच्या काळजाचा' म्हणतात, तेव्हा वाचक आधी हसेल, ते चालवून घ्या. आत मजकुरात 'यकृत' लिहा, म्हणजे आजोबाही गप्प बसतील. फक्त मुलीला सांगा, 'यकृतच्या पेशी' नाही, 'यकृताच्या पेशी'. तुम्ही पाठवलेल्या कात्रणात ही चूक चार ठिकाणी आहे.