गोळीबारानंतर वर्ग पुन्हा भरवताना

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: शाळा जम्मूच्या सीमेजवळ आहे, गोळीबारानंतर वर्ग पुन्हा भरवायचे आहेत. पहिल्याच दिवशी समुपदेशक बोलावून प्रत्येक मुलाकडून 'त्या रात्री काय पाहिलंस' हे सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं घाटतंय. ते करावं का, आणि युक्रेनच्या शाळा हे कसं निभावतात?

वदवून घेऊ नका, हे आधी सांगते. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून अनुभव उगाळायला लावला की त्रास कमी होत नाही, काहींचा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही अशा बैठकांच्या विरोधातच आहे. ज्या मुलाने काहीच पाहिलेलं नसतं, ते शेजारच्याचं ऐकून ते दृश्य रात्री घरी घेऊन जातं. ज्याला बोलायचंय त्याचं बाजूला बसून ऐका. गप्प आहे त्याला खोदू नका. 'युद्धाचं चित्र काढा' हा गृहपाठही त्यातलाच. कागद आणि रंग जरूर द्या, विषय देऊ नका.

आता युक्रेन. तिथलं खारकीव शहर रशियाच्या सीमेपासून तीसेक किलोमीटरवर आहे. क्षेपणास्त्र मिनिटाच्या आत येतं, कधी तर स्फोट आधी होतो आणि सायरन नंतर वाजतो. म्हणून सप्टेंबर २०२३ पासून तिथे मेट्रो स्थानकांत वर्ग भरू लागले आणि मे २०२४ मध्ये खास जमिनीखाली बांधलेली शाळा सुरू झाली, दोन पाळ्यांची. देशातल्या इतर शाळांतही निवाऱ्यात मावतील तेवढीच मुलं एका वेळी बोलावतात. यात सुरक्षितता तर आहेच, पण मनासाठीही मोठी सोय आहे: मुलाचे कान दिवसभर सायरनकडे लागलेले राहत नाहीत. तीच वेळ, तोच बाक, त्याच बाई. भेदरलेल्या मुलाला याहून मोठा आधार शाळा देऊ शकत नाही, आणि तो समुपदेशक नसतानाही देता येतो.

सायरन वाजला की बोलायचं वाक्य आधीच ठरवून ठेवा आणि दर वेळी तेच बोला: 'वही तिथेच ठेवा, पिशवी घ्या, जोडीने चला.' पिशवीत पाण्याची बाटली, बिस्किटं, स्वेटर, हातात मावेल असं एखादं खेळणं आणि नाव, रक्तगट, घरच्यांचे दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड. तळघरात पोहोचल्यावर मोठ्याने हजेरी घ्या. मग दोन-तीन मिनिटं श्वास: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. श्वास रोखून धरायला लावू नका आणि डोळे मिटायची सक्ती नको, घाबरलेल्या मुलाचा जीव त्याने आणखी गुदमरतो. लहानांना गरम दुधावर फुंकर घालायला सांगा, बरोबर जमतं. मोठ्यांना तळव्यांनी भिंत ढकलायला लावा. सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं तरी श्वास आपोआप लांबतो. नंतर धडा पुढे चालू. तळघरात नेटवर्क जातं, तेव्हा छापील सराव-कागदांचा गठ्ठा तिथेच ठेवा. मोबाइल मात्र बाजूला. स्फोटाचे व्हिडिओ बघत बसलेला वर्ग शांत करणं फार अवघड जातं.

'काही होणार नाही' असं वचन देऊ नका. ते एकदा खोटं ठरलं की तुमचा पुढचा शब्दही पोकळ वाटतो. 'ही शाळेतली सगळ्यात सुरक्षित जागा आहे आणि मी इथेच थांबणार आहे' हे खरं आहे, तेवढंच बोला. सरावाचा सायरन आदल्या दिवशी सांगून वाजवा. अचानक सराव, धूर, खोटं रक्त असलं काही अशा शाळेत नकोच.

वर आल्यावर लगेच चाचणी घेऊ नका. लक्ष आणि स्मरण सर्वांत आधी जातं. त्याला आळस समजून ओरडणं ही नेहमीची चूक. अंथरुण ओलं होणं, पोटदुखी, चिडचिड, आईला चिकटणं, सारखा लढाईचाच खेळ, हे पहिले काही आठवडे अपेक्षितच असतं. महिना उलटूनही झोप, जेवण, अभ्यास रुळावर नसेल तर तज्ज्ञाकडे पाठवा. स्वतःला इजा करण्याचं किंवा मरणाचं बोलणाऱ्या मुलासाठी मात्र एक दिवसही थांबू नका.

कुणाचे वडील गेले असतील तर ते मूल परत येण्याआधी त्याला विचारा, वर्गाला काय सांगू? मग दोन वाक्यांत सांगा. 'देवाघरी गेले', 'झोपले' नको, 'मृत्यू झाला' म्हणा. 'झोपले' ऐकून लहान मुलं झोपायलाच घाबरू लागतात. बेपत्ता माणसाबद्दल 'येतील' नको आणि 'गेले'ही नको. 'अजून कळलेलं नाही' हेच उत्तर, कितीही जड गेलं तरी.

तुमच्या प्रश्नात शिक्षकांचा उल्लेखच नाही, आणि मला खरी काळजी तिथे वाटते. तळघरात उभ्या असलेल्या बाईंचं स्वतःचं मूल दुसऱ्या शाळेच्या तळघरात असतं. ते सुखरूप असल्याचा निरोप त्यांना लवकर मिळेल अशी साखळी मुख्याध्यापकांनी आधीच लावावी. एका खोलीत दोन मोठी माणसं हवीत, म्हणजे एकीला दोन मिनिटं बाहेर जाता येईल. रात्री घराची पडझड झालेल्या शिक्षकाला कारण न लिहिता सुट्टी द्या. आठवड्यातून एकदा पाऊण तास, आठ-दहा जणांची बैठक, तीही ऐच्छिक, आणि तिथे अहवाल नाही, वरिष्ठ नाहीत. 'मलाही भीती वाटते, पण काय करायचं ते मला माहीत आहे' असं शिक्षकाने वर्गात म्हटलं तर काही बिघडत नाही.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कार्डाच्या मागे छापून घ्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि शिक्षकांनीही लावायचा आहे.