कॅथेटरवरचा पीईजीचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, प्रथिनं चिकटू न देणारा पॉलिमर) लेप तपासताना
अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) चिकटलं नाही, एवढ्यावर लेप चांगला ठरवू नकोस. रक्तात अल्ब्युमिन भरपूर, ते पृष्ठभागावर आधी पोचतं. मागून फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, त्याची जागा घेतं. व्रोमन परिणाम तो हाच. प्लेटलेट्स धरतात फायब्रिनोजेनला, म्हणून कॅथेटरच्या लेपाची खरी परीक्षा फायब्रिनोजेनशीच. पुढे प्लाझ्मातही (पेशी काढलेल्या रक्तद्रवातही) बघच.

क्यूसीएमचा (पृष्ठभागावर बसलेलं वजन मोजणाऱ्या क्वार्ट्झच्या तराजूचा) आकडा जपून वाच, त्यात प्रथिनासोबत अडकलेलं पाणीही मोजलं जातं. एलिप्सोमेट्रीशी (प्रकाशाने थराची जाडी मोजण्याच्या पद्धतीशी) ताडून बघ.

आणि कृपा करून नमुना प्रथिनाच्या द्रावणातून थेट हवेत उचलू नकोस! द्रावणाच्या वरच्या पृष्ठावर प्रथिनाची साय धरलेली असते, बाहेर काढताना तीच नमुन्यावर बसते आणि दोष बिचाऱ्या लेपाला लागतो. आधी बफर (प्रथिन नसलेलं द्रावण) घालत द्रावण पूर्ण बदलून घे, मग उचल.