आईला (वय ६७) एस्सिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) सुरू केल्यापासून धडधडतं. गोळी बंद करू का?

परस्पर बंद करू नका. आधी ईसीजी काढा आणि त्यावरचा क्यूटीसीचा (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) आकडा बघा; तो फार वाढला तर ठोके बिघडू शकतात. बायकांचा साधारण ४६०च्या आत असावा. ५००च्या वर गेला तर त्याच दिवशी हार्टवाले डॉक्टर गाठा.

माझ्या आईलाही हीच गोळी, १० मिलिग्रॅम. बाबा गेल्यावर ती जेवेना, झोपेना. आम्ही नौपाड्यातले. मानसोपचाराचं नाव काढल्यावर काका म्हणाले, "वहिनी, तुम्हाला लांब जायला नको, ठाण्यातच राहता." मनोरुग्णालयावरचा हा विनोद ठाणेकरांनी जन्मभर ऐकलाय, पण आईला तो लागला. तरी गोळी सुरू झाली आणि आई परत तलावपाळीला फिरायला जाऊ लागली.

मग पावसाळ्यात तिला जुलाब-उलट्या झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) आणि उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन दिलं. आधीच्या गोळ्या कोणत्या, हे विचारलंच नाही. बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू होतीच. रात्री छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. क्यूटीसी ४९२, पोटॅशियम कमी. नवीन दोन्ही औषधं क्यूटीसी वाढवणारी, आणि जुलाब-उलट्या व बीपीच्या गोळीने पोटॅशियम गेलं, त्यानेही तो वाढतो.

काकांनी लगेच व्हॉट्सॲपवर बातमी टाकली: अमेरिकेच्या औषध नियंत्रक एफडीएचा २०११चा इशारा. तो सिटालोप्रामवर होता, म्हणजे हिच्या सख्ख्या बहिणीवर. त्यात डोसला मर्यादा घातली होती (२०१२मध्ये साठीपुढच्यांसाठी २० मिलिग्रॅम) आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम सांभाळा म्हटलं होतं. गोळ्या गटारात फेका असं कुठे होतं? पण मथळ्याच्या खाली वाचायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

हृदयरोगतज्ज्ञांनी नवीन दोन औषधं थांबवली, बीपीची गोळी बदलली, पोटॅशियम भरून काढलं. पुढच्या ईसीजीत ४४४. एस्सिटालोप्राम तेवढीच राहिली.

तेव्हा आईंची सगळी औषधं एका कागदावर लिहून न्या, ॲसिडिटीचीसुद्धा. ओमेप्राझोलने या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. डॉक्टर कदाचित सर्ट्रालिनवर (याच प्रकारची दुसरी गोळी) नेतील, हृदयरुग्णांना ती जास्त देतात. गोळी एकदम तोडली तर चक्कर, घबराट होते, आणि मग लोक तेच धरून बसतात की बघा, गोळीच वाईट.

हो, मी डॉक्टर नाही. प्रत्येक धडधड क्यूटीची नसते. घबराट, थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, काहीही असू शकतं. पण आई चक्कर येऊन पडल्या असतील, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर उत्तरं वाचत बसू नका, आत्ता निघा.

काका अजून म्हणतात, "ती वेडाची गोळीच बाधली." स्वतः मात्र गॅससाठी रोज डॉमपेरिडोनवाली कॅप्सूल घेतात, केमिस्टकडून, चिठ्ठीशिवाय. क्यूटी वाढवणाऱ्यांत तीही येते.