जुनी पिकअप घेताना ती भरवशाची आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

२०१२ची पिकअप ८५ हजार किलोमीटरच चालली आहे, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. आधी त्या मीटरचा नाद सोडा.

आमची जुन्नर भागात टोमॅटोची शेती. २०१८ला गाडीभाड्याला कंटाळून २०११ची पिकअप घ्यायला गेलो. मीटरवर लाखाच्या आतला आकडा. पण क्लचच्या पायडलचं रबर एका कडेला लोखंड दिसेपर्यंत झिजलेलं आणि पायाखाली कोरं मॅटिंग. मी दादाला म्हटलं, एवढ्याशा चालीत रबर असं होतं का? दादा म्हणाला, "तुला काय कळतं गाडीतलं? इंजिनचा आवाज ऐक." इंजिन होतंच चांगलं. व्यवहार झाला.

चौथ्या महिन्यात रात्री ७० क्रेट भरून कल्याणला निघालो. क्रेटला २० किलो धरा, म्हणजे चौदाशे किलो माल. माळशेज उतरताना मागे काडकन आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगाला बसली. हौदा टायरवर टेकला, जळक्या रबराचा वास सुटला. बॅटरी मारून खाली बघितलं तर पाट्याचा, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा, हँगर चेसीसपासून (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून) उखडलेला. जुना तडा, त्यावर वेल्डिंग, वर जाड काळा रंग. गाडी आधी वाळूला होती. गॅरेजवाल्याने हौद्याच्या सांध्यातली रेती खरवडून दाखवली तेव्हा कळलं.

म्हणून गाडी आधी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवा. चेसीस पुढून मागपर्यंत बघा, पाट्यांच्या हँगरपाशी जास्त वेळ घालवा. रंग नवा दिसेल तिथे पेचकसने खरवडा. मालक नको म्हणाला तर सरळ घरी या. इंजिन पुन्हा बांधता येतं, चेसीस गेली तर गाडी गेली.

इंजिन सकाळी थंड असताना सुरू करायला लावा. चालू इंजिनवर ऑईलचं झाकण काढा, भकाभक धूर आला तर इंजिनकामाचा खर्च धरूनच भाव करा. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ती तारीख आणि बँकेचा बोजा सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर बघून घ्या.

आता हेही खरं, की प्रत्येक वेल्डिंग वाईट नसतं. दुधाच्या लाईनवर दोन लाख चाललेली गाडी वाळूच्या साठ हजारवालीपेक्षा चांगली निघू शकते.

दादा अजून म्हणतो, घाटात कुणाचीही गाडी तुटते. त्या रात्री मी क्रेट उतरवून कडेला बसलो होतो आणि भरलेल्या पिकअप एकामागून एक आमच्या शेजारून खाली उतरत होत्या.