वाळलेली रानझाडं टिपताना : वाचकांचे प्रश्न

माळावरचं कुसळी गवत डोळ्यांना सोनेरी दिसतं, फोटोत मात्र मातकट येतं. असं का?

बहुतेक वेळा सूर्य पाठीशी असतो म्हणून. वाळलेल्या गवताला स्वतःचा रंग फार थोडा असतो; झळाळी येते ती पात्यांतून आणि कुसळांतून आरपार येणाऱ्या उन्हामुळे. म्हणून सूर्य समोर, जरासा बाजूला घ्या आणि लेन्सवर हाताची सावली धरा. जानेवारीत पुणे-सातारा भागात सूर्य सातनंतर उगवतो. त्यापुढचा तासभर सोडू नका. मागे सावलीतला डोंगरउतार येईल असा कोन शोधा. गडद पार्श्वभूमी पाहून कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो आणि कुसळं पांढरीफटक पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सोय) -२/३ ते -१ ठेवलं की तपशील टिकतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचा रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर असेल तर कॅमेरा तो सोनेरी रंगच कमी करतो, तेव्हा ‘डेलाइट’ निवडा.

कुसळ दमट झालं की त्याचा पीळ सैलावतो, वाळलं की पुन्हा आवळतो. दव असताना सुटी दिसणारी कुसळं ऊन तापल्यावर एकमेकांत गुंततात. दोन्ही रूपं टिपण्यासारखी आहेत.

दीपमाळेचं वाळलेलं झाड सुंदर दिसतं, पण मागच्या झुडपांत हरवून जातं.

दीपमाळेची सगळी मजा आकारात आहे : चौकोनी दांडा, त्यावर ठरावीक अंतराने काटेरी गोळे. तो आकार सुटा दिसायलाच हवा. मागची झुडपं निदान चार-पाच मीटर दूर असतील असं झाड निवडा, २०० मिमीच्या आसपासची लेन्स लावा आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/५.६ ठेवा. कॅमेऱ्याची पाठ दांड्याला समांतर धरा. जरा तिरकी झाली की वरचा गोळा स्पष्ट आणि खालचा धूसर येतो. मोबाइलवर २एक्स किंवा ३एक्स लेन्स वापरा, पोर्ट्रेट मोड नको. सॉफ्टवेअरला काट्यांची कड नीट ओळखता येत नाही, मग अर्धे काटे पार्श्वभूमीबरोबर पुसले जातात.

रुईच्या फुटलेल्या बोंडातला कापूस हलत राहतो, एकही फोटो स्पष्ट येत नाही.

पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हाच जा. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा; त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० वर न्यावा लागला तरी चालेल. शेजारी बांबूची काडी रोवून फांदी कपड्यांच्या चिमट्याने तिला अडकवा, चिमटा चौकटीबाहेर राहू द्या. अगदी जवळून, १:१ मॅक्रोमध्ये (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा), एफ/८ लासुद्धा जेमतेम १ मिमी भाग स्पष्ट येतो. एफ/१६ वर गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तंतूंची धार बोथट होते. त्यापेक्षा ट्रायपॉडवरून फोकस थोडा थोडा सरकवत १०-१५ फोटो घ्या आणि नंतर जोडा. पण वारा पूर्ण पडलेला असेल तरच, नाहीतर प्रत्येक तंतू दुहेरी दिसेल. फांदी हिरवी असेल तर चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या.

फांद्या तोडून घरी आणल्या तर?

रस्त्याकडेचं तण असेल तर एखादी आणा. कासच्या पठारावर किंवा अभयारण्यात अजिबात नको. तिथे वाळलेल्या बोंडांतच पुढच्या पावसाळ्याचं बी असतं.

संपादन करताना फोटो भडक नारिंगी होतो. क्रम काय ठेवावा?

शक्यतो रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्या. आधी हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) पाहून काळा आणि पांढरा बिंदू, म्हणजे सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ टोक, ठरवा, मग हायलाइट्स (उजळ भाग) -३० च्या आसपास आणा. सॅच्युरेशनला हात लावू नका. फक्त पिवळ्या-नारिंगी रंगाची उजळता थोडी वाढवा. टेक्श्चर (बारीक पोत उठवणारा स्लायडर) +२० पर्यंत पुरे. क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारा स्लायडर) जास्त झाली की आकाशावर उमटलेल्या काड्यांभोवती पांढरी कड दिसू लागते. शार्पनिंगला मास्क लावा, म्हणजे ते फक्त कडांपुरतं राहतं आणि धूसर पार्श्वभूमीत रवाळपणा वाढत नाही.

रंग तरीही जमत नसेल तर कृष्णधवल करून पाहा. त्यात पिवळा स्लायडर वर आणि निळा थोडा खाली नेला की काड्या उजळतात, आकाश गडद होतं. निळा फार ओढलात तर आकाशात पट्टे आणि रवे उमटतात. ते १०० टक्के झूम करूनच तपासा.